पाळीचे पुणेकर

"माका येकच सांगा," चंद्रावती म्हणाली, "थंय रांधता कोण?"

"हॉटेलवाले," सगुण म्हणाला.

"वाढता कोण?"

"हॉटेलवाले."

"आणि मागसून भांडी?"

"तींय तेच. तू फक्त बसान खावचां."

"मग चला," म्हणत चंद्रावती बॅग काढायला माळ्याच्या शिडीवर चढलीसुद्धा.

पाळी गावच्या सगुण गावसाचं डिचोलीच्या बाजारात नळ आणि पाइपांचं दुकान. खाणी जोरात होत्या तेव्हा त्याचे ट्रक होते. खाणी बंद पडल्या, ट्रक गेले आणि दुकान आलं. मुलगा साईश पणजीला कंपनीत. त्याने आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मोबाइलवरून एक पॅकेज घेऊन टाकलं: पर्पल कोकोनट बीच रिसॉर्ट, दोन रात्री, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून, शिवाय एक 'सरप्राइज गोवन अनुभव' फुकट. आता गोव्यातल्या माणसांनी गोव्यातल्याच हॉटेलात जाऊन राहायचं म्हणजे आपल्याच अंगणात तिकीट काढून बसायचं, असं सगुणला वाटलं. तो तसं बोललाही. पण चंद्रावतीने ज्या नजरेने त्याच्याकडे पाहिलं, त्यानंतर तो पुन्हा बोलला नाही.

तिचंही बरोबरच होतं. लग्न झाल्यापासून ती पुष्कळ फिरली होती, नाही असं नाही. पण सगळं नातेवाइकांकडे. कुणाची जत्रा, कुणाचं बारसं, कुणाचा सत्यनारायण. बॅग खाली ठेवते न ठेवते तोच कुणीतरी नारळ खवायची आदोळी पुढे सरकवायचं आणि म्हणायचं, "बरां झालां गो इलंस." त्यापुढचे दोन दिवस तिला त्या गावातलं आकाशसुद्धा दिसायचं नाही. पुरुषांची पंगत, मग पोरांची पंगत, मग पाहुण्या बायकांची, आणि सगळ्यात शेवटी, सगळं गार झाल्यावर, ही. गोवा तिने पाहिला तो असा लोकांच्या मागच्या दारातून. म्हणून तिने आता ठरवलं होतं, दोन दिवस, फक्त दोनच दिवस, आपण कुणासाठी काही करायचं नाही. दुसऱ्याने करायचं, दुसऱ्याने वाढायचं, दुसऱ्याने उचलायचं. मग पुढची सगळी वर्षं आहेतच घासायला.

साईशची गाडी पेडण्याच्या बाजूला वळली तेव्हा चंद्रावती मजेत होती. सगुण मात्र हळूहळू सीटवर पुढे सरकत चालला होता.

"साईश, हो रस्तो आत्येगेर जाता मरे?"

"होय तर. आत्येचां घर ह्या दोंगराच्या पलतडी, आणि रिसॉर्ट अलतडी. एकदम लागीं."

सगुणची मोठी बहीण कमलाक्षी, जिला सगळे बाय म्हणत, ती टेकडीपलीकडे राहत होती. तिचा आवाज असा, की तिने पेडण्यात हाक मारली तर पाळीत सगुण "काय गो" म्हणून उठून बसेल. हल्लीच तिचा फोन आला होता: "सगुणा, ह्या दिसांनी येव नको हां. न्हाणी फोडलीसा आणि गवंडी पळान गेलो. आंगोळ करूक जागा नाय."

बहिणीच्या गावाला जाऊन तिच्या घरी पाय न ठेवणं हा आमच्याकडे एक गुन्हा झाला. पण बहिणीच्या गावाला जाऊन, पैसे देऊन, परक्याच्या छपराखाली झोपणं? ह्याला गुन्हा म्हणत नाहीत. ह्याला संबंध तोडणं म्हणतात. सगुणचा एक मावसभाऊ मागे डिचोलीत येऊन, सगुणकडे न जाता, बाजारात भजी खाऊन परत गेला होता. ती भजी अजून दर चतुर्थीला बोलण्यात निघतात. भज्यांचं एवढं, तर दोन रात्रींचं काय होईल?

"गाडी फिरय," सगुण म्हणाला.

"पैशे परत मेळचे नाय, पप्पा."

"मग बायगेर रवया."

"मी नाय येवचंय," चंद्रावती म्हणाली. एवढंच म्हणाली, पण तिचे डोळे भरून आले होते. सगुणने ते पाहिलं आणि त्याचा आवाज खाली आला.

"अगो, पण कोणी वळखलां तर?"

"कोण वळखता? आमी पुण्याची म्हणान सांगा. हॉटेलात सगळी पुण्याचीच आसतत."

अशा रीतीने पाळीचं एक कुटुंब टेकडीच्या अलीकडे उतरलं आणि पुण्याचं झालं. साईशने बॅगा उतरवल्या आणि भांडण पाहायला न थांबता पणजीला पळ काढला.

रिसेप्शनवर सेजल नावाची मुलगी होती. आधार कार्डं साईशने आधीच पाठवली होती आणि ती उघडून पाहायचे कष्ट सेजलने घेतले नव्हते, हे नशीब. "वेलकम सर, कुठून आलात?" तिने गोड हसून विचारलं.

इथे सगुणचा एक आजार सांगायला हवा. समोरचा माणूस कोणत्या गावचा, कोणत्या वाड्यावरचा आणि कोणाचा कोण, हे कळल्याशिवाय त्याला पाणी जात नाही. दुकानात नळ घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचं आजोळ काढल्यावरच तो नळ काढतो. सेजलच्या नाकाकडे पाहताच, हे नाक आपण पेडण्याच्या बाजारात नारळ विकणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या तोंडावर पाहिलंय, हे त्याला लख्ख आठवलं. "तू खंयच्या..." एवढं त्याच्या तोंडून गेलं आणि चंद्रावतीची चप्पल त्याच्या अंगठ्यावर पडली.

"खंय... खंबीर," सगुण कळवळत म्हणाला, "खंबीर इमारत आहे हो तुमची. आम्ही पुण्याचे. अगदी पुण्यातलेच."

इमारत काही एवढी खंबीर नव्हती. खोलीला 'सी व्ह्यू' होता, पण तो संडासाच्या वरच्या झरोक्यातून, आणि तोही बादली पालथी घालून वर चढलं तर. एसीतून पाणी ठिबकत होतं, त्याखाली हॉटेलवाल्यांनीच प्रेमाने एक टब ठेवला होता. पोहण्याचा तलाव होता, पण त्यात आधीच एक कुटुंब बसलेलं असल्यामुळे तो भरलेला होता. सगुणने बाथरूममधला गळका नळ पाहिला, हळहळला, आणि सवयीने खिशातून पाना काढून पाच मिनिटांत तो बंद केला. मग आडवा होत म्हणाला, "च्या मागय गो."

चंद्रावतीने फोन लावला. पलीकडून सेजल म्हणाली, "मॅडम, खोलीत किटली आहे ना, चहाच्या पुड्या पण आहेत. तुम्हाला हवा तसा तुम्ही करून घ्यायचा!"

चंद्रावतीने फोन खाली ठेवला. किटलीकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं.

"कर गो," सगुण म्हणाला. "तुझ्या हातचीच बरी."

तिने केला. मग कप विसळले, कारण संध्याकाळच्या चहाला दुसरे कप कुठून येणार?

रात्रीच्या जेवणावर तिची फार मदार होती. नीट साडी नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून ती जेवणाच्या हॉलमध्ये गेली आणि खुर्चीवर बसून राहिली. कुणी वाढायला येईना. बऱ्याच वेळाने कळलं की हा बुफे आहे. भिंतीकडेला भांडी मांडलेली, ताट आपण घ्यायचं, रांगेत आपण उभं राहायचं, वाढून आपण घ्यायचं. एका कोपऱ्यात 'तुमचा डोसा तुम्हीच घाला' अशी पाटी होती आणि लोक पैसे देऊन हौसेने डोसे घालत होते.

"माझाय ताट घेवन ये गो," सगुण खुर्चीवरून म्हणाला. "गुडघो धरलोसा."

ती दोन ताटं घेऊन रांगेत उभी राहिली. पुढे 'गोवन फिश करी' असं लिहिलेलं भांडं होतं. तिने डाव घालून ढवळून पाहिलं. शिमला मिरची लागली, टोमॅटो लागले. मासा तळाला एकटाच बसला होता, त्याला तिने उठवलं नाही.

टेबलावर परत आली तर सगुणसमोर एक बाई बसलेल्या. मनीषा मॅडम. खऱ्याखुऱ्या पुण्याच्या.

"अय्या, तुम्हीपण पुण्याचे? कुठे राहता?"

"कोथरूडला," सगुण म्हणाला. त्याच्या दुकानात येणाऱ्या नळांच्या खोक्यांवर तेवढाच पत्ता असायचा.

"कोथरूडला कुठे?"

"गोदामाच्या मागे."

"कुठलं हो गोदाम?"

"मोठं," सगुण म्हणाला आणि तोंडात पाव कोंबला.

सुदैवाने मनीषा मॅडमना ऐकण्यापेक्षा सांगण्यात गोडी होती. त्या गोव्याला नेहमी यायच्या, त्यामुळे त्यांना सगळं माहीत होतं. इथले लोक दुपारी झोपतात ते समुद्राच्या हवेमुळे. काजूची फेणी ते नारळापासून करतात. कोकमं समुद्राच्या पाण्यावर वाढतात, म्हणून आंबट. सगुण प्रत्येक वाक्याला पाव गिळत होता.

"आणि एक सांगून ठेवते," मॅडम पुढे वाकल्या, "त्या डिचोलीकडे चुकून जाऊ नका. काही नाहीये तिकडे. लाल माती नि ट्रक. आणि माणसं तरी कसली, सारखी विचारत असतात, तुम्ही कुणाचे कोण म्हणून."

सगुणचे कान लाल झाले. त्याने तोंड उघडलं. चंद्रावतीने त्यात आपल्या ताटातला बटाटा ठेवला.

"हो ना," ती मॅडमना म्हणाली, "आम्हीपण ऐकलंय तसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुण किनाऱ्यावरून एक मोठी गवती टोपी आणि काळा चष्मा घेऊन आला, कारण पाव घेऊन येणारा पोदेर बायच्या वाड्यावरही पाव देतो हे त्याला माहीत होतं. टोपी घालून तो झाडाआड बसून राहिला. समोर समुद्र होता, पण त्याचं सगळं लक्ष रस्त्याकडे. चंद्रावतीने खोलीतल्या चादरी झटकल्या, कारण खोली साफ करणारा माणूस दुपारी येणार होता आणि तोवर तिच्याने ते बघवेना. मग ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिला रडूच आलं. दोन दिवसांतला एक तर गेलाच होता. घरी निदान चहाची पत्ती तरी आपल्या आवडीची असते.

तेवढ्यात सेजलने दार वाजवलं. "मॅडम, आज दुपारी तुमचा सरप्राइज गोवन अनुभव! अस्सल गोवेकरांच्या घरी पाटावर बसून, केळीच्या पानावर जेवण. घरची मालकीण स्वतः वाढते."

"स्वतः वाढते?" चंद्रावतीने डोळे पुसले. "म्हणजे आपण उठायचं नाही?"

"हात पण लावायचा नाही मॅडम. ते लोक ऐकतच नाहीत."

चंद्रावती सगळ्यांच्या आधी व्हॅनमध्ये जाऊन बसली. मागच्या सीटवर मनीषा मॅडम आणि त्यांचे मिस्टर, शिवाय आणखी चारसहा पाहुणे. पुढे गौरेश नावाचा गाइड माइक घेऊन उभा. व्हॅन निघाली, टेकडी चढली, टेकडी उतरली. डावीकडे वडाचं झाड आलं. मग एक शाळा आली.

"अहो," चंद्रावती हळूच म्हणाली, "ही शाळा..."

सगुणने चष्मा काढला, पाहिलं आणि पुन्हा घातला.

"गाडी थांबवा!" तो ओरडला. "माझ्या पोटात दुखतंय!"

"माझ्याकडे गोळी आहे," मनीषा मॅडम म्हणाल्या आणि त्याने नको म्हणायच्या आत ती त्याच्या जिभेवर ठेवली. व्हॅन वळली आणि बायच्या अंगणात उभी राहिली.

घर ओळखू येईना. मागच्या वर्षी जे पांढरं होतं ते आता निळं झालं होतं, खिडक्या पिवळ्या. दारावर पाटी होती: 'कमलाक्षी हेरिटेज होम, राहणे व जेवण'. तुळशीपाशी बायचे यजमान गोकुळदास उभे होते. गोकुळदासांनी वीज खात्यात जन्म काढला. झोपतानासुद्धा पँट घालणारा हा माणूस, आज उघड्या अंगाने, गुडघ्यापर्यंत पंचा नेसून, हातात कोयता घेऊन उभा होता. "हे इथले पारंपरिक शेतकरी," गौरेश माइकवर म्हणाला. पाहुण्यांनी फोटो काढले. पारंपरिक शेतकऱ्याची नजर गवती टोपीखालच्या मेहुण्यावर पडली आणि त्याने कोयत्याने लाज झाकायचा प्रयत्न केला.

मग बाय बाहेर आली. एरवी दिवसभर मॅक्सीत वावरणारी बाय आज नऊवारी नेसलेली, नाकात नथ, हातात आरतीचं तबक. हसत हसत ती एकेकाला कुंकू लावत पुढे सरकली, आणि चंद्रावतीसमोर येऊन थांबली. हसू होतं तिथेच राहिलं, पण डोळे मोठे झाले.

"ह्या पुण्याच्या," गौरेशने ओळख करून दिली.

"पुण्याच्या?" बाय म्हणाली.

"हो," चंद्रावती म्हणाली. "कोथरूडच्या."

बायने कुंकू लावलं. अंगठा असा दाबला की चंद्रावतीची मान मागे गेली. पण बाय बोलली नाही. बोलणार कशी? मागे व्हॅनभर गिऱ्हाइक उभं, आणि गौरेश माइकवर सांगत होता, "मित्रांनो, ह्या घराचं वैशिष्ट्य म्हणजे इथे पाहुण्याला कधीच येऊ नको म्हणत नाहीत. ह्यांची सगळी नातीगोती कायम इथे येऊन-जाऊन असतात." बाय खाली बघू लागली. सगुणही खाली बघू लागला. बहीणभाऊ बराच वेळ एकाच फरशीकडे बघत होते.

"आता आपण घराची न्हाणी बघू," गौरेश म्हणाला.

न्हाणी! सगुणच्या अंगात एकदम बळ आलं. फोडलेली, गवंडी पळून गेलेली न्हाणी पाहायला तो सगळ्यांच्या पुढे धावला. आत गुलाबी टाइल्स होत्या, गिझर होता, काचेचं दार होतं. पाहुणे बघून परतले, तसं त्याने बायला दारातच गाठलं.

"गवंडी पळान गेलो मां?" तो दबक्या आवाजात म्हणाला.

"आणि तू? बहिणीच्या गावात येवन हाटेलात निजतंस?" बाय तेवढ्याच दबक्या आवाजात म्हणाली. तिचा दबका आवाज म्हणजे इतरांचा साधा. "लोक काय म्हणतीत?"

"तू येव नको म्हणालंस!"

"माझे खोलये भरलेले होते! गिऱ्हाइक उठवन तुका निजवतलंय?"

सगुणला खरं तर इथेच गप्प बसता आलं असतं. तिने खोटं सांगितलं, त्यानेही खोटं सांगितलं, फिट्टंफाट. पण त्याची नजर भिंतीवर गेली आणि त्याचा चेहरा पडला. आता त्याचं सगळं सोंग गळून पडलं.

"बाय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर कापत होता, "हे नळ कोणागेर घेतलंस?"

बाय पदराने नळ पुसायला लागली.

"सांग मगो. कोणागेर?"

"म्हापशात."

"भावाचां दुकान आसताना?"

"तुका कळलां आसतां मरे," बाय पुटपुटली. "नळ कित्याक, म्हणान इचारलं आसतंस."

"सर, इकडे या!" बाहेरून गौरेशने हाक मारली. "नारळाचा कार्यक्रम सुरू होतोय!"

मागच्या पडवीत मधोमध आदोळी मांडलेली होती. गौरेशने समजावून सांगितलं की हिच्यावर बसून नारळ खवायचा, आणि ज्याला अनुभव घ्यायचा असेल त्याने पुढे यावं. मनीषा मॅडम पुढे गेल्या, बसल्या, दोनदा घासलं आणि करवंटी उडून गोकुळदासांच्या पायावर पडली. सगळे टाळ्या वाजवत हसले.

बायची नजर फिरत फिरत चंद्रावतीवर आली. सवयीची नजर. वर्षानुवर्षं ह्याच नजरेने चंद्रावती आदोळीवर बसत आली होती.

"ह्या बाईंना द्या," बाय गोड आवाजात म्हणाली. "ह्यांचे हात बघून वाटतं, ह्यांना मस्त जमेल."

गौरेशने नारळाची वाटी चंद्रावतीच्या हातात दिली. सगळे बघत होते. तिचे पाय आपोआप आदोळीकडे निघाले होते, ती अर्धी वाकलीही होती. आणि मग ती तिथेच थांबली. आपण कुठल्या? पुण्याच्या.

"अगंबाई!" ती सरळ उभी राहत म्हणाली. "मला नाही हो जमायचं. आमच्याकडे बाई येते ना ह्या कामाला."

बायचं तोंड उघडं राहिलं.

"पण ह्यांना फार हौस आहे," चंद्रावतीने वाटी नवऱ्याच्या हातात दिली. "बसा हो. फोटो काढते."

सगुणने जन्मात आदोळी ओलांडलीही नव्हती. घरात ती मध्ये आली तर तो हाक मारायचा. पण व्हॅनभर पुणेकर आणि इतर बघत होते, टाळ्या सुरू झाल्या होत्या. तो गवती टोपीसह खाली बसला, आणि पहिल्याच घासण्याला बोट कापून घेतलं. खोबऱ्यापेक्षा करवंटीच जास्त पडली. "जोरात सर, जोरात!" गौरेश म्हणत होता. मनीषा मॅडम व्हिडिओ काढत होत्या. बाय आपल्या धाकट्या भावाला बाईमाणसाच्या जागेवर बसलेला बघत होती, आणि तिला हसावं की रडावं ते कळत नव्हतं. शेवटी तिला पदर तोंडात धरून आत पळावं लागलं.

मग पाटावर पानं मांडली. पहिली पंगत. चंद्रावती बसली. ह्या घरात ती शेकडो वेळा जेवली होती, पण ह्या खोलीत बसून कधीच नाही. ही खोली तिला वाढताना वाकून पाहिल्यामुळे फक्त जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत माहीत होती. आज तिने मान वर करून पाहिलं तर वर चांगली नक्षीची तुळई होती.

बाय एकटीच वाढत होती. उकडा भात, तिरफळं घातलेलं बांगड्याचं हुमण, मोड आलेल्या मुगांची गाठी, सोलकढी. चंद्रावतीने पहिला घास घेतला आणि ती क्षणभर चावायचीच थांबली. हुमण कढत होतं. बायच्या हाताला एवढी चव आहे हे तिला आजवर माहीतच नव्हतं. तिच्यापर्यंत पोचेपर्यंत नेहमी ते निवून जायचं, वर तेलाची साय धरायची.

बाय हुमणाचं भांडं घेऊन समोर उभी राहिली. बाजूला गौरेश उभा होता.

"आणखी वाढू का... बाई?"

"वाढा की," चंद्रावती म्हणाली. "मधला तुकडा द्या हं."

बायने एकदा तिच्याकडे पाहिलं, डाव भांड्यात फिरवला, मधला तुकडा शोधला आणि पानावर ठेवला. मग आपण होऊन दुसराही ठेवला.

पंगत उठली. लोक हात धुवायला गेले. चंद्रावती सवयीने आपलं पान दुमडून उचलायला वाकली, शेजारचं मनीषा मॅडमचंही ओढलं. "अहो मॅडम, नाही हं!" गौरेश धावत आला. "हात लावायचा नाही. पॅकेजमध्ये आहे ते." बायने तिच्या हातातून दोन्ही पानं घेतली. वाकताना बायने कमरेला हात धरला, ते चंद्रावतीला दिसलं, आणि तिला एकदम कसंसंच झालं. एवढ्या पंगतीला ही बाई एकटी उभी होती, सकाळपासून.

मागच्या दारी बाय तिच्या हातावर तांब्याने पाणी घालत होती. आता तिथे दोघीच होत्या.

"सून माहेरी गेलीसा," बाय आपणहून म्हणाली. "ह्येंका कोयतो धरून उभो रवण्यापलीकडे कायच येणा नाय. रोज येकटीच करतंय गो."

"मग कित्याक करतंस?"

बायने जरा विचार केला. "गो, ही लोकां जेवतत आणि बरां झालां म्हणतत. हाताची बोटां चाटतत. आमच्यातल्या कोणीच कधी म्हटलां नाय माका."

"मीय म्हटलां नाय," चंद्रावती म्हणाली. "पण माका कधी गरम मेळलांच नाय, बाय. आयज मेळलां. खरांच सांगतंय, एक नंबर झालेलां."

बायचे डोळे पाणावले. तिने नथ सारखी केली. आणि मोठी नणंद आपल्या भावाच्या बायकोशी कधी बोलत नाही तितक्या मऊ आवाजात तिने विचारलं, "जत्रेक येतलंस मगो? दोन दिस आदी ये हां. काम खूप आसता."

अंगणात व्हॅनचा भोंगा वाजला. सगुण बोटाला चिंधी बांधून आधीच आत जाऊन बसला होता. चंद्रावतीने बायच्या पदराला हात पुसले, वाकून तिच्या पाया पडली आणि निघाली. पायरीवर थांबून तिने मागे वळून पाहिलं.

"येतंय, बाय," ती म्हणाली. "नक्की येतंय. पण ह्याच गाडयेंतसून."